परक्या शहरातील आनंदीबाई



श्रीरामपूरचे रेल्वे स्थानक वर्षानुवर्षे ‘बेलापूर’ या नावाने ओळखले गेले. प्रथमच येणाऱ्या पाहुण्याला ‘हेच श्रीरामपूर, उतरा’ असे डब्यातील कोणीतरी सांगावे लागे. पाहुणा एकटा असेल, तर त्या दोन शब्दांचे मोल त्यालाच ठाऊक.

याच नावाचे दुसरे श्रीरामपूर बंगालमध्ये हुगळीच्या काठी आहे. तेथील महाविद्यालयात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाई जोशी यांनी, आपण वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला एकट्याने का जात आहोत, हे इंग्रजी भाषणातून सांगितले. वयाची अठरा वर्षेही तेव्हा पूर्ण झाली नव्हती. मुंबईत हाती पुस्तके घेऊन, बूट-मोजे घालून शाळेत जाताना लोक खिडक्यांतून डोकावत, गाड्या थांबवून पाहत आणि हसत, हा अनुभव त्यांनी त्या सभेत मोकळेपणाने कथन केला. ही माणसे सातासमुद्रापलीकडची नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे.

अमेरिकेचा पहिला अनुभवही संमिश्रच होता. पती गोपाळराव यांनी साहाय्यासाठी लिहिलेले पत्र तेथील एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले. परंतु संपादकांचा रोख धर्मांतराकडे होता. तोच अंक दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांच्या हाती पडला. ज्या पानावर एकाने अट पाहिली, त्याच पानावर दुसरीला एक मुलगी दिसली. त्यांनी आपण होऊन पत्र धाडले. ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून निघालेल्या आनंदीबाई ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या, तेव्हा हक्काचे घर होते ते याच बाईंचे. आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणत.

पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात अधिष्ठात्री रेचल बॉडले यांनी प्रवेश दिला, तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली. मात्र राहण्याच्या खोलीतील शेगडी धूर ओके. खिडकी उघडावी तर हाडे गोठविणारी थंडी, मिटावी तर श्वास कोंडे. त्यात शाकाहाराचे व्रत त्यांनी सोडले नाही. लुगड्यातील या विद्यार्थिनीचे कौतुक करणारे पुष्कळ होते. तिची खोली राहण्याजोगी आहे काय, ही विचारपूस मात्र कौतुकाच्या मागे राहिली. पाहुणचारात असे नेहमीच घडते. प्रकृती खालावत गेली, तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी संपादन केली.

त्याच वर्षाअखेरीस स्वदेशी परतलेल्या आनंदीबाईंचे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निधन झाले. गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविली. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावी, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, घरच्या माणसांच्या शेजारी तिला जागा देण्यात आली.