आधी ओझं, मग उंची

कवीला बोलायला बोलावलं की तो पावसावर बोलेल, अशी अपेक्षा असते. मी आज जीपच्या पाट्यांवर बोलणार आहे. मी साधा बी.ए. झालेला माणूस, यंत्रशास्त्र शिकलेलो नाही. पण डोंगरात, कच्च्या रस्त्यावर चालवायची गाडी घेणारी तरुण मंडळी आता गावोगाव दिसतात, आणि गाडी दारात आली की महिन्याभरात त्यांच्या मनात येतं, ‘सस्पेन्शन बदलून घ्यावं.’ कोणतं आणि कशासाठी, हा प्रश्न मागाहून येतो. तो आधी यायला हवा, एवढंच मला सांगायचं आहे.

चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये स्प्रिंग असते. जुन्या जीपमध्ये आणि १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीमध्ये ही स्प्रिंग म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे. २०१० साली महिंद्रा थार आली तेव्हाही मागे पाटेच होते; २०२० च्या थारमध्ये तिथे वेटोळ्याची कॉइल स्प्रिंग आली. रूप कोणतंही असो, काम एकच : वजन पेलायचं, दबायचं आणि पुन्हा उसळायचं. पण स्प्रिंग एकदा उसळली की उसळतच राहते. तिला गप्प बसवायचं काम शॉकअ‍ॅब्सॉर्बरचं, ज्याला गॅरेजमध्ये सगळे ‘शॉकअप’ म्हणतात. त्याच्या आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि उसळीचा जोर उष्णतेत जिरतो. म्हणजे वजन पेलते ती स्प्रिंग, हेलकावा थांबवतो तो शॉकअप. गाडी हेलकावते म्हणून पाटे वाढवणं, हे पोट दुखतंय म्हणून डोळ्यांत औषध घालण्यासारखं आहे.

माझ्या भाच्याची एक जुनी जीप आहे. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पलीकडच्या वाड्यांवर ती चालते. आठवडाभर माणसं, बाजाराच्या दिवशी माणसांबरोबर तांदळाची पोती, आणि शनिवार-रविवारी गडावर जाणारी पुण्या-मुंबईची मुलं. पावसाळ्यात रस्त्याचं डांबर धुऊन जातं आणि खालचे काळे दगड उघडे पडतात. रात्री-अपरात्री कुणाला ग्रामीण रुग्णालयात न्यायचं झालं तर हीच जीप. पाहुण्या मुलांच्या उंच केलेल्या गाड्या पाहून त्यालाही वाटू लागलं, की आपली जीप तीन इंच उचलावी आणि मागे दोन पाटे वाढवावेत. गाडी मागून बसतही होतीच. ‘मामू, रुबाबदार दिसेल,’ तो म्हणाला. मी त्याला संगमनेरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे घेऊन गेलो. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात.

उस्तादांनी गाडीखाली जाण्याआधी विचारलं, ‘महिन्यातले किती दिवस गाडी भरलेली असते? किती दिवस रिकामी? आणि मागच्या बाकावर कोण बसतं?’

शेवटच्या प्रश्नावर भाचा गप्प झाला. जीपमधली मागची समोरासमोरची बाकं बरोबर मागच्या चाकांवर येतात. तिथे म्हातारी माणसं बसतात. दिवस भरलेली बाई त्याच बाकावरून दवाखान्यात जाते. पाटे वाढवले की पोत्यांनी भरलेली गाडी सरळ उभी राहील, हे खरं. पण आत दोनच माणसं असतील तेव्हा ते पाटे दबणार नाहीत, आणि सगळा दणका त्या दोघांच्या कण्याला बसेल. रात्री रोगी घेऊन निघालेली जीप जवळजवळ रिकामीच असते.

मग उस्तादांनी आम्हाला वजनकाट्यावर पाठवलं. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. एकदा रिकामी आणि एकदा नेहमीच्या ओझ्यासह. हा उपाय कुणालाही परवडतो. कॅरिअर, लोखंडी बंपर, विंच हे सगळं एकदा बसवलं की कायमचं ओझं झालं. ते धरून वजन करावं. नव्या गाड्यांसाठी हलक्या, मध्यम आणि जड ओझ्याच्या वेगवेगळ्या स्प्रिंगा मिळतात. त्यांतली आपली कोणती, ते दुकानदारापेक्षा ही पावती खरं सांगते.

आता उंचीचं. जीपमध्ये दोन चाकांना जोडणारा अखंड आस असतो आणि त्यावर डिफरन्शियलचा गोळा असतो. दगड लागतो तो बहुधा त्या गोळ्याला. स्प्रिंग उंच केली की बॉडी वर जाते. गोळा आहे तिथेच राहतो. तो उचलायचा तर टायरच मोठे लागतात. बॉडी उचलून मोठ्या टायरला जागा मिळते, चढाच्या तोंडाशी गाडीचं नाक टेकत नाही, हे फायदे आहेतच. पण गुरुत्वमध्य वर जातो आणि आडव्या उतारावर गाडी कलंडायची भीती वाढते. प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, ब्रेकचे पाइप ताणले जातात, जुने शॉकअप आखूड पडतात. स्वस्तातला उपाय म्हणून काही जण लांब शॅकल लावतात. शॅकल दोन इंच वाढवली तर गाडी साधारण एकच इंच उचलते, आणि पुढच्या चाकांचा कोन बिघडून स्टीअरिंग भरकटायला लागतं.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकानं ठरवलेला आणि नोंदणीत असलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. मोठा बदल करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारलेलं बरं.

शेवटी उस्ताद गाडीखाली गेले. मागचा एक पाटा तुटलेला होता, शॅकलचे बुश झिजले होते, एका शॉकअपमधून तेल गळत होतं. गाडी मागून बसत होती ती पाटे कमी होते म्हणून नव्हे, एक तुटला होता म्हणून. त्यांनी त्याच जाडीचा पाटा घातला, बुश आणि यू-बोल्ट नवे टाकले, चारही शॉकअप गॅस भरलेले बसवले. खडबडीत रस्त्यावर बराच वेळ चाललं की साध्या शॉकअपमधल्या तेलाला फेस येतो आणि त्याचा जोर ओसरतो. गॅसच्या दाबामुळे तो फेस आवरला जातो. वाढीव पाटा एकही घातला नाही. ‘पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट आवळायला या,’ म्हणाले. आणि बाजाराच्या दिवशी दोन पोती कमी भरायला सांगितली.

श्रोतेहो, गाडी उंच करायची असेल तर नियमात बसेल तेवढी जरूर करा. हौसेला मोल नसतं. पण आधी टायरची हवा, बुश आणि शॉकअप पाहा, मग स्प्रिंग, आणि उंची सगळ्यांत शेवटी. वजनकाट्याची पावती खिशात ठेवा. आणि पैसे मोजण्याआधी एकदा गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन स्वतः मागच्या बाकावर वीस किलोमीटर बसून या. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो आणि हाताला स्टीअरिंगचा आधार असतो. मागे बसलेल्याला दोन्ही नसतं.