कॅमेरा लावलात, पासवर्ड बदललात का?



श्रोतेहो, मला दिलेला विषय आहे ‘घरातली स्मार्ट उपकरणं’. बोलणारे स्पीकर, फोनवरून लागणारे दिवे, ऑफिसातून निघताना चालू करता येणारा गीझर, सगळ्यांवर बोलण्यासारखं आहे. पण हातात पाच मिनिटं आहेत आणि ती मी एकाच गोष्टीला देणार आहे. कॅमेऱ्याचा पासवर्ड.

कारण आपल्याकडे पुष्कळ घरांत या सगळ्याची सुरुवात कॅमेऱ्यापासून होते. मुलगा पुण्यात नाही तर न्यू जर्सीत, आईवडील साताऱ्यात. गणपतीला मुलगा येतो, जिन्यात एक आणि हॉलमध्ये एक कॅमेरा लावून घेतो. त्याला तिकडे स्वस्थ झोप लागते, आईलाही आधार वाटतो. चांगलंच आहे. काळजी वाटते ती पुढच्या दोन मिनिटांची. बसवायला आलेला मुलगा शिडीवरून उतरतो, मोबाइलवर एक-दोन-तीन-चार-पाच-सहा असं दाबतो, “झालं काकू, दिसायला लागलं,” म्हणतो, चहा घेतो आणि जातो. तोच पासवर्ड मग वर्षानुवर्षं चालतो. कित्येक ठिकाणी रेकॉर्डरच्या डब्यावर मार्करने लिहिलेलाही असतो.

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की आपण आधी काय करतो? दाराचं कुलूप बदलतो. रंगारी, सुतार, फरशीवाला, सगळ्यांच्या हातून किल्ली फिरलेली असते. त्यातलं कुणी चोर असतं असं नाही, तरी बदलतो. कॅमेऱ्याबरोबर आलेला पासवर्ड ही तशीच बिल्डरची किल्ली. इथे तर एकाच बिल्डरने हजारो घरांना एकच किल्ली दिलेली असते, आणि तिचा नमुना माहितीपुस्तिकेत छापलेला असतो. कुलूप कितीही महागाचं घ्या, काय उपयोग?

हे उगाच घाबरवायला सांगत नाही. २०१६ साली ‘मिराई’ नावाचा एक घातक प्रोग्रॅम इंटरनेटवर सुटला. त्याच्यापाशी कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती. तो जगभरचे कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर शोधायचा आणि एकेक जोडी लावून बघायचा. लागली की ते यंत्र त्याचं. २१ ऑक्टोबरला अशी असंख्य यंत्रं एकाच वेळी एका अमेरिकन कंपनीवर सोडली गेली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तिकडे कित्येक तास अडखळत राहिल्या. ज्यांच्या भिंतीवर ते कॅमेरे होते त्यांना बहुधा पत्ताही लागला नाही, कारण त्यांना चित्र नेहमीसारखंच दिसत होतं.

म्हणून कुणी “आमच्या घरात बघण्यासारखं आहे काय?” असं म्हणालं की मला राग येतो. बघायला कुणी यायलाच हवं असं नाही. तुमचं यंत्र आणि तुमचं इंटरनेट दुसऱ्याच्या कामाला जुंपलं जातं. आणि गंमत नाही, खरं सांगते: यंत्र बंद करून चालू केलं की मिराई पुसला जायचा, पण पासवर्ड जुनाच असला तर थोड्याच वेळात पुन्हा शिरायचा. आत आलेल्याला बाहेर काढलं, पण दाराला किल्ली तीच! पुन्हा सांगते, पासवर्ड बदलायला हवा. काही यंत्रांत तर तो बदलायची सोयच नव्हती. म्हणून घेतानाच दुकानदाराला विचारा, पासवर्ड बदलता येतो का, आणि कंपनी अपडेट देते का. दीडदोनशे रुपये कमी पडतात म्हणून नाव नसलेला डबा उचलू नका.

कायदेही आलेत. असे सोपे, सगळ्यांना सारखे पासवर्ड घालून यंत्रं विकायला ब्रिटनने २०२४ च्या एप्रिलपासून बंदी घातली. आपल्याकडे २०२५ च्या एप्रिलपासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली. पण तुमच्या भिंतीवर आधीपासून आहे त्या कॅमेऱ्याचा पासवर्ड सरकार येऊन बदलणार नाही.

आणि बदललेला पासवर्ड एकट्या मुलाच्या फोनात राहू देऊ नका. घराची किल्ली घरात राहणाऱ्याकडे नको का? आईच्या डायरीत लिहून ठेवा, डायरी कपाटात ठेवा. शेजाऱ्यांना दाखवायचं असेल तर पासवर्ड सांगू नका, बहुतेक ॲपमध्ये दुसऱ्याला वेगळा प्रवेश देता येतो, तो द्या. नको झाला की काढून घेता येतो. हॉलमधल्या कॅमेऱ्याबद्दल कामाला येणाऱ्या मावशींना सांगितलंय का, त्यात बोलणंही रेकॉर्ड होतं का, हे खरं तर… काचेपलीकडून खूण झाली, वेळ संपलीय.

आज मुलाचा फोन आला की रेकॉर्डरचं आधी विचारा. कॅमेऱ्याचा पासवर्ड एखाद वेळेस बदललेला असतो, रेकॉर्डरचा आणि राउटरचा हमखास राहून जातो.