पाटी कोण बघणार?

पहाटेची विरार गाडी पकडून भाजी, फुलं, मासळी घेऊन मुंबईला जाणाऱ्या आपल्या बायकांशी आज बोलायचं आहे. विषय असा, की आपण एकमेकींतसुद्धा तो हळू आवाजात काढतो. उन्हाळी लागणं. लघवीला जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं आणि येते थेंबभर. चार दिवस धण्याचं पाणी प्यायचं, बरं वाटतं, महिन्याभरात पुन्हा तेच.

मी बारा वर्षं सोनचाफा घेऊन दादरला जात होते. निघताना अर्धा कप चहा, मग दुपारपर्यंत पाण्याचा घोट नाही. का, ते तुम्हाला सांगायला नको. लोकलच्या डब्यात संडास नाही, दादर यायला तासाच्या वर लागतो, आणि फुलांना भाव मिळतो तो सकाळीच. त्यात उठून गेलं तर पाटी कोण बघणार? मला वाटायचं, स्टेशनच्या घाणेरड्या संडासामुळेच हे होतं. म्हणून मी जाणं आणखीच टाळायचे.

पुढे सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरांनी समजावलं. हे जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातले असतात. बाईचा लघवीचा मार्ग आखूड, त्यामुळे ते पटकन वर चढतात. भरपूर पाणी पिऊन वेळेवर लघवी केली की ते धुऊन निघतात. तुंबवून ठेवली की तिथेच वाढतात. म्हणजे जे मी त्रास टाळायला करत होते, त्यानेच तो वाढत होता!

धण्याचं पाणी वाईट नाही, निदान त्या निमित्ताने पोटात पाणी तरी जातं. पण लागण झाली असेल तर ती त्याने जात नाही. लघवी तपासून घ्यायची आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सगळ्या संपवायच्या. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या जावेला द्यायच्या नाहीत. त्रास वारंवार होत असेल तर साखरही तपासा. थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं, लघवीत रक्त, यातलं काहीही दिसलं किंवा बाई गरोदर असेल, तर त्या दिवशीचा धंदा सोडा आणि दवाखाना गाठा.

रोजचं सांगायचं तर घरून निघताना लघवी करूनच निघा. गाडीत घोट घोट पाणी प्या. लघवी फिकट दिसली म्हणजे पाणी पुरतंय, हळदीसारखी पिवळी झाली की कमी पडतंय. तीन-चार तासांच्या वर धरून ठेवू नका. धुताना पुढून मागे धुवा. संडास घाण आहे म्हणून अधांतरी, घाईघाईत उरकू नका. नीट बसून पूर्ण मोकळं व्हा.

आता तुम्ही म्हणाल, बसू कुठे? हा प्रश्न एकट्या बाईचा नाहीच. मुंबईत 2011 साली बायकांनी ‘राइट टू पी’ मोहीम सुरू केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला मात्र पैसे, हे त्यांनी महापालिकेला विचारलं. पुण्याचं ‘मिळून साऱ्याजणी’ हे आपल्यासारख्या बायकांचं मासिक उच्च न्यायालयात गेलं. बायकांसाठी पुरेशी, स्वच्छ स्वच्छतागृहं देणं महापालिकांचं कामच आहे, असं न्यायालयाने 2015 साली बजावलं. आपला गट वसई-विरार महापालिकेकडे अर्ज घेऊन गेला, तर ही गोष्ट त्यात जरूर लिहा. आठवडे बाजाराजवळचा संडास कुलूपबंद असेल तर कधीपासून, तेही लिहा.

अर्जाचं होईल तेव्हा होईल. तोवर आम्ही बाजारात जोड्या लावल्या होत्या. फुलांवर ओलं फडकं टाकायचं आणि शेजारणीला सांगायचं, “आले गं पाच मिनिटांत.” ती गेली की मी तिची पाटी बघायचे. पाण्याची बाटली पाटीतच असायची. परत आल्यावर कधी कधी कळायचं, की माझी फुलं तिने माझ्यापेक्षा चढ्या भावाने विकली आहेत.