पाड्यावरचा व्हिडिओ का अडकतो?



धुळे-जळगावच्या सातपुडा पट्ट्यात भिल्ल, पावरा बांधवांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला तो होण्याची शक्यता 25 टक्के. म्हणून तपासणी लग्नाआधी व्हावी, हे सांगणारे पावरी बोलीतले व्हिडिओ आपले कार्यकर्ते तयार करतात. पण ते यूट्यूबवर चढत नाहीत, अशी त्यांची तक्रार असते.

कारणे बहुधा साधी असतात. फोर-केमध्ये काढलेल्या एका मिनिटाची फाइल सुमारे 350 एमबी होते. 720 वर 60 एमबीत भागते. कॅमेऱ्याची सेटिंग आधीच बदला. फोन नंबरने खाते पडताळले नसेल, तर 15 मिनिटांहून लांब व्हिडिओ यूट्यूब घेत नाही. ‘फक्त वाय-फायवर अपलोड’ चालू असेल, तर मोबाइल डेटा असूनही व्हिडिओ जागचा हलत नाही. आणि व्हिडिओ पाहण्यापुरती रेंज तो पाठवायला पुरेलच असे नाही. बाजाराला शिरपूर, चोपड्याला उतरलात की तिथून पाठवा. चढल्याची खात्री होईपर्यंत मूळ फाइल पुसू नका.

रुग्णाचे नाव, चेहरा मात्र दाखवू नका. गावभर बोभाटा झाला, तर मुलीचे लग्न अडते.

ज्यांच्या घरी चांगले वाय-फाय आहे, त्यांनी महिन्यातली एक रविवार दुपार द्यावी. मेमरी कार्ड आम्ही आणून देऊ. एवढीही सेवा मोठी आहे.