मातीचें घर : वारूळ, कुंभारीण आणि माणूस

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यांत चोरखमारा नांवाचें गांव आहे. तेथें मोठा तलाव आहे, आणि नागझिरा अभयारण्याचें एक प्रवेशद्वारही. अभयारण्य १९७० सालचें. २०१३ पासून तें नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पांत समाविष्ट आहे. येथें येणाऱ्याची नजर वाघासाठीं झुडपें धुंडाळीत असते आणि वाटेवरचीं वारुळें तशींच मागें पडतात. मृत्तिकाशिल्पाची आवड असणाऱ्यानें खरें तर त्यांच्याजवळच गाडी थांबवावी. खालीं उतरण्याची परवानगी नसते, आणि तें बरेंच आहे. कारण वाळवी हें अस्वलाचें आवडतें खाद्य.

वारूळ मुंग्यांचें, असें लोक म्हणतात. बांधते तें वाळवी. ओल्या मातीची एकेक बारीक गोळी लाळेनें मळून तिचे कामकरी भिंत रचतात. हात नाहीं, चाक नाहीं, भट्टी नाहीं. आंत राणीची कोठडी, बुरशीचे मळे आणि असंख्य पोकळ वाटा असतात. बाहेरच्या उभ्या पन्हळी नुसत्या शोभेच्या नव्हेत. बंगळूर येथील वारुळांवर झालेल्या व २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसलें कीं, दिवसा या पन्हळी गाभ्यापेक्षां लवकर तापतात, त्यांतून हवा वर चढते व मध्यभागांतून खालीं येते. रात्रीं हा प्रवाह उलटतो. अशा रीतीनें घर श्वास घेतें. शिल्पकार बाहेरचा आकार उचलतो. पण तो आकार आंतल्या वस्तीच्या गरजेंतून आला आहे, हें पुष्कळदां त्याच्या ध्यानांतून सुटतें आणि हातीं उरते ती दिवाणखान्यांतली शोभेची वस्तु.

शहरांतल्या घरीं खिडकीच्या चौकटीवर मातीचें इवलेसें मडकें चिकटवणारी कुंभारीण सर्वांच्या ओळखीची आहे. आपल्या पोटांतील पाण्यानें ती माती भिजविते, मडक्याला गळा काढते, आंत एक अंडें टांगते, नांगी मारून बधिर केलेल्या अळ्या भरते आणि तोंड लिंपून निघून जाते. पोराचें तोंड ती कधींच पाहत नाहीं. घर म्हणजे तिच्या लेखीं शिदोरी.

माणसानेंही मातीकडे असें घर मागितलें आहे. पुणें जिल्ह्यांत घोड नदीकांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. तेथील तीन हजार वर्षांपूर्वींच्या घरांत, जमिनीखालीं, मृत बालकें पुरलेलीं आढळलीं. दोन मडकीं तोंडाला तोंड लावून आडवीं ठेवलेलीं, व त्यांच्या पोकळींत मूल. गांवाबाहेर नेणें त्या माणसांना जड गेलें असावें. राहत्या घराच्या पोटांत मातीचें दुसरें घर करून त्यांनीं लेंकराला जवळच ठेवलें. संग्रहालयांतील कोणत्याही घडीव मूर्तीपेक्षां हीं ओबडधोबड मडकीं पाहणाऱ्याला अधिक वेळ थांबवितात.

आपल्या काळांत रे मीकर या अमेरिकन कुंभारानें याच विचाराचा निराळा प्रयोग केला. डेबोरा स्मिथ यांच्यासह त्यांनीं १९७१ सालीं पाँडिचेरीस 'गोल्डन ब्रिज पॉटरी' स्थापन केली. पुढें १९८० नंतरच्या दशकांत त्यांनीं कच्च्या विटांचीं कमानदार घरें बांधून तीं जागच्या जागीं भाजलीं. घर हेंच भट्टी, आणि आंत भाजावयास कच्च्या विटा रचलेल्या. त्यांच्या विक्रींतून जळणाचा खर्च निघावा, अशी कल्पना. इराणी वास्तुशिल्पी नादेर खलिली यांनीं असाच प्रयत्न आधीं केला होता. विस्तव निवला, विटा बाहेर काढल्या, कीं माणसांनीं आंत जावयाचें. ही भांड्याचीच रीत. भाजतांना रितें असावें लागतें, भरावयाचें तें नंतर.

वाळवीला मात्र विस्तव लागत नाहीं. तिचें घर कच्चें, पावसानें झिजणारें. अस्वल तें पंजानें फोडतें. मग आंतले कामकरी ओल्या मातीच्या गोळ्या घेऊन भगदाडाशीं येतात आणि तें बुजवूं लागतात.