चित्र कशासाठी काढतात?

(टिटवाळ्यात तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय फारच मोठा आहे. प्राचीन काळापासून आजपर्यंत कलेचे हेतू काय होते आणि शैली कशा बदलल्या. इजिप्तपासून सुरुवात केली तर शेवटची कसारा लोकल निघून जाईल आणि आपण अजून पिरॅमिडमध्येच असू. म्हणून मी शक्यतो आपल्या आसपासच राहणार आहे.

मी चित्रकला शिकवतो. दरवर्षी एलिमेंटरीचे फॉर्म आले की दोन-तीन पालक येतात आणि हळू आवाजात सांगतात, "सर, मुलगी छान काढते, पण आमच्यात चित्र काढत नाहीत." दुसऱ्या बाजूने सोशल मीडियावर रोज वाचायला मिळते की मुसलमानांनी फक्त मूर्ती फोडल्या, घडवले काहीच नाही. गंमत बघा, दोघांचे म्हणणे एकच आहे. कलेशी तुमचा संबंध नाही, असे घरचेही सांगतात आणि बाहेरचेही. हे खरे आहे का, ते आज तपासू.

एखादे चित्र किंवा शिल्प समोर आले की "छान आहे" म्हणण्याआधी चार गोष्टी विचारायची सवय लावा. पैसे कोणी दिले? हात कोणाचा होता? कोणी पाहावे म्हणून केले? आणि किती दिवस टिकावे म्हणून? शैली ही बहुतेक वेळा याच उत्तरांतून ठरते. इजिप्तच्या थडग्यांतली चित्रे जिवंत माणसांनी बघावीत म्हणून नव्हतीच, ती मेलेल्याच्या पुढच्या प्रवासासाठी होती. म्हणून तिथे चेहरा बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून आणि पाय पुन्हा बाजूने. प्रत्येक अवयव जसा सर्वांत स्पष्ट ओळखता येईल तसा. त्यांना चित्र काढता येत नव्हते असे नाही, काही सुटून जायला नको होते.

आता आपल्या जिल्ह्यात या. वारली चित्र आज बेडशीटवर, मगवर, रेल्वे स्टेशनच्या भिंतीवर दिसते. मूळ जागा कुठली? लग्नघराची कुडाची भिंत. शेणामातीने सारवलेली, गेरू लावलेली. त्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या पाण्याने, बांबूच्या काडीने लग्नाचा चौक काढायचा, मध्ये पालघट देवी. काढणाऱ्या सुवासिनी. चौक नसेल तर लग्न पुरे होत नाही. म्हणजे ते चित्र सजावटीसाठी नव्हते, तो विधीचाच भाग होता. लग्न झाले, पाऊस आला, भिंत पुन्हा सारवली की चित्र गेले. कोणाची सही नाही आणि जपून ठेवायची धडपडही नाही. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार पाड्यांवर फिरले, त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुढे आले. म्हसे यांना 2011मध्ये पद्मश्री मिळाली. पण हेतू बदलला तशी शैलीही बदलली. चौकातली देवी मागे पडली. शेती, मासेमारी, तारपा नाच, मुंग्यांची रांग, असे रोजचे जगणे कागदावर आले. आणि जे काम बायकांचे होते त्यात पुरुषांचे नाव झाले. हे शेवटचे वाक्य आपल्या मुलींनी जरा लक्षात ठेवावे.

कल्याण तर जुने बंदर. कान्हेरीच्या लेण्यांमधल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत. कोणी पाण्याचे टाके दिले, कोणी आणखी काही. तिथे राजाच पैसे देत होता असे नाही, बाजारातला माणूसही देत होता. त्याला पुण्य हवे होते आणि आपले नाव दगडावर हवे होते. आज मशिदीच्या पंख्यावर देणाऱ्याचे नाव लिहिलेले असते ना, तसेच.

आणि आता अजिंठा, ज्यासाठी मी खरे तर आलो आहे.

अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वीची. पण आपण ज्या चित्रांसाठी तिथे जातो ती बहुतेक पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. 16 क्रमांकाच्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. आत अंधार आहे. जातककथांमध्ये एकच माणूस एकाच भिंतीवर तीन-चार वेळा दिसतो. इथे तो महालात आहे, तिथे निरोप घेतोय, पुढे जंगलात आहे. चौकटी नाहीत. भिक्षू दिवा घेऊन पुढे सरकला असेल तशी गोष्ट पुढे सरकली असेल. म्हणजे पाहणाऱ्याने चालावे अशी ती योजना आहे.

1819मध्ये इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला ती लेणी पडली, हे पाठ्यपुस्तकात असते. पुढचे नसते. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. 1909 ते 1911 या काळात लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या. त्या कामात बंगालमधून नंदलाल बोस, असित हलदार हे तरुण होते आणि हैदराबादहून सय्यद अहमद आणि मोहम्मद फजलुद्दीन होते. 1914मध्ये निजामाने पुरातत्त्व खाते काढले, प्रमुख गुलाम यजदानी. या खात्याने 1920 ते 22 दरम्यान इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले, सुटत चाललेला रंगाचा थर भिंतीला परत चिकटवण्यासाठी. त्यांनी लाखेचा वापर केला, तो पुढे पिवळा पडला, त्यावर आज टीका होते आणि ती योग्य आहे. पण थर भिंतीवर राहिला. यजदानींनी 'अजंता' हा ग्रंथ चार भागांत काढला, पहिला भाग 1930मध्ये, शेवटचा 1955मध्ये. पंचवीस वर्षे! आणि सय्यद अहमद? ते पुढे अजिंठ्याचे क्युरेटर झाले. बोधिसत्त्वाच्या भुवईची रेघ, हातातल्या कमळाचा देठ, हे सगळे त्या माणसाने अंधारात बसून कागदावर उतरवले. भिंतीवरचा रंग उडत गेला, म्हणून त्या नकलांची किंमत वाढत गेली.

एक मुसलमान राजा, मुसलमान अधिकारी, मुसलमान चित्रकार, आणि काम बुद्धाच्या चित्रांचे. त्यांनी धर्म सोडला नव्हता. वारसा सांभाळणे ही त्यांना आपली जबाबदारी वाटली. तुमच्या वर्गात कोणी "तुम्ही काय केले?" असे विचारले तर भांडू नका, ही दोन नावे सांगा.

आता पुण्याला या. भारत इतिहास संशोधक मंडळात एक हस्तलिखित आहे, 'तारीफ-ए-हुसेनशाही'. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, निजामशाही दरबारात ते तयार झाले. हुसेन निजामशहा 1565मध्ये तालिकोटच्या लढाईत होता, त्याच वर्षी तो वारला. आफताबी नावाच्या कवीने फारसीत त्याची स्तुती लिहिली. त्या वेळी मुलगा मुर्तजा लहान, कारभार राणी खुंजा हुमायूनकडे. दख्खनमधली ही अगदी सुरुवातीची सचित्र पोथी आहे. ही चित्रे भिंतीवर टांगायची नव्हती. मांडीवर पोथी घेऊन एका माणसाने बघायची. म्हणून आकार लहान, रंग दाट, बारकावे जवळून दिसणारे.

यातल्या एका चित्रात एका स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते. संस्कृत साहित्यात याला दोहद म्हणतात. सांचीच्या तोरणावर झाडाची फांदी धरलेली जी यक्षी आहे, तिच्याशी या कल्पनेचे नाते आहे. दीड हजार वर्षांनंतर ती फारसी कवितेच्या पोथीत, मुसलमान राणीच्या दरबारात येऊन बसली. कोणीही तिला परकी म्हटले नाही.

पण याच पोथीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मी लपवणार नाही. राजाशेजारी राणी बसलेली काढली होती. दरबारी चित्रात हे सहसा दिसत नाही. 1569मध्ये मुलाने आईची सत्ता संपवून तिला कैद केले. त्यानंतर बहुतेक चित्रांतली राणी पुसून टाकली गेली. राजा आहे, आसन आहे आणि बाजूला एक डाग. हे कोणी चित्रच नको म्हणून केले असते तर राजाही पुसला गेला असता. तो राहिला. गेली ती फक्त बाई, आणि कारण राजकारण.

मग धर्माचे काय? सोपे उत्तर मी देणार नाही, कारण ते नाही. सजीवांची चित्रे काढणाऱ्यांना ताकीद देणाऱ्या हदीस आहेत, बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आहेत. हजरत आयेशांच्या घरातल्या चित्रांच्या पडद्याची हदीस आहे, त्याच कापडाच्या पुढे उश्या झाल्या. इब्ने अब्बासांनी एका चित्रकाराला झाडे आणि निर्जीव वस्तू काढायला सांगितले, तीही आहे. दुसरीकडे कुरआनच्या सूरह सबामध्ये हजरत सुलेमानांसाठी बनवलेल्या आकृत्यांचा उल्लेख आहे. यावरून उलेमांमध्ये मतभेद झाले, फोटो आल्यावर आणखी झाले. मी मुफ्ती नाही. पण इतिहास सांगू शकतो. जेरुसलेमचा कुब्बतुस सखरा 691चा. तिथे अक्षरे आणि वेली आहेत, माणूस नाही. त्याच उमय्यांनी पुढच्या शतकात जॉर्डनच्या वाळवंटात कुसैर अमरा बांधला, तिथल्या भिंतींवर माणसेच माणसे आहेत. इबादतीची जागा वेगळी, महालाची वेगळी, हा फरक पहिल्या शंभर-सव्वाशे वर्षांतच दिसतो.

आणि बंदी म्हणजे कला संपली असेही नाही. जिथे माणूस काढायचा नव्हता तिथे अक्षर आणि भूमिती एवढी पुढे गेली की बाकी जग बघत राहिले. जाळी घ्या. कंपास आणि पट्टी, एवढ्यावर उभी असते. वर्तुळाचे भाग पाडायचे, रेषा जोडायच्या, तारा तयार होतो, आणि तो कुठेच संपत नाही, कडेला फक्त कापला जातो. वर ती हवाही देते आणि परदाही. अहिल्यानगरला गेलात तर दमडी मशीद बघा, 1567-68च्या सुमाराची. किल्ल्यावर काम करणाऱ्या मजुरांनी एकेक दमडी जमवून बांधली असे तिथे सांगतात. छोटीच आहे. पण दगडावरची वेलबुट्टी बघून विश्वास बसत नाही की हा कठीण दगड आहे. दिवसभर सुलतानाची भिंत रचणाऱ्या हातांनी आपल्यासाठी काय केले, ते तिथे दिसते. मला बीबी का मकबऱ्यापेक्षा ही मशीद जास्त आवडते. तुमचे मत वेगळे असू शकते.

पालकांना मी काय सांगतो, ते आता ऐका. एलिमेंटरीला चार पेपर असतात. वस्तुचित्र, म्हणजे तांब्या, बादली, फळ. संकल्पचित्र, म्हणजे नक्षी. कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन. आणि स्मरणचित्र. माणूस लागतो तो बहुतेक या शेवटच्या पेपरला. बाकी तिन्ही पेपर, नक्षी, भूमिती, अक्षर, निर्जीव वस्तू, ज्या गोष्टी तुमच्या कातिबांनी, विणकरांनी आणि पाथरवटांनी शेकडो वर्षे केल्या त्याच आहेत. "आमच्यात चित्र काढत नाहीत" हे वाक्य मग कुठे टिकते? स्मरणचित्राबद्दल घरात बोला, वाद घाला, तुमच्या आलिमांना विचारा. पण फॉर्मच भरायचा नाही, हा दीनचा निर्णय नाही. ती सवय आहे. पुढच्या इंटरमिजिएट परीक्षेचे दहावीला वाढीव गुण मिळतात, तेही मुलीच गमावतात. मुलांना कोणी अडवलेले मी फारसे पाहिलेले नाही.

हुसेनचे विचारणार, मला माहीत आहे. मकबूल फिदा हुसेन, जन्म पंढरपूर, 1915. मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत होते. 1947मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुप झाला. त्यात गोव्याचे ख्रिश्चन सूझा, मुसलमान हुसेन आणि रझा, शिवाय आरा, गाडे, बाकरे. या लोकांनी विचारले की आता ना राजा पैसे देतोय ना देवळ, मग चित्र कोणासाठी? उत्तर बाजाराने दिले, गॅलरीने दिले, आणि त्यातून नवे भांडण निघाले. हिंदू देवतांच्या चित्रांवरून हुसेनांवर खटले झाले, 2008मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केले. तरी ते परत आले नाहीत, 2011मध्ये लंडनमध्ये वारले. काही चित्रांनी लोक खरोखर दुखावले, हे मी मानतो. म्हातारपणी माणसाला देशाबाहेर राहावे लागणे हे त्याचे उत्तर नव्हते, हेही मानतो. आणि आपल्यातले जे त्या वेळी हुसेनांच्या बाजूने बोलले, त्यांनी कोणी मुसलमान चित्रकार आपल्या नबींबद्दल प्रश्न विचारेल तेव्हाही तेवढ्याच शांतपणे ऐकावे. हे अवघड आहे. तुमचे चेहरे सांगताहेत.

वेळ संपत आला. येत्या रविवारी अंबरनाथला जायचे आहे. शिवमंदिर, 1060चे, शिलाहारांच्या काळातले. बाहेरची भिंत मूर्तींनी भरलेली, आणि गाभाऱ्यात पायऱ्या उतरून गेलात की एकदम साधे, अंधारे. बाहेर गर्दी आणि आत शांतता असे का, यावर तिथेच बोलू. पूजा चालू असते, त्यामुळे चपला बाहेर, आवाज कमी, आणि फोटोआधी विचारायचे. कल्याणला गाडी बदलून कर्जतची लोकल घ्यायची. वही आणि 2बी पेन्सिल प्रत्येकाने आणा, खोडरबर नको. ज्या मुलींना घरून परवानगी हवी आहे त्यांनी आज जाताना सांगा, अम्मी-अब्बूंशी बोलायला मी स्वतः येईन.