आधी प्रती मोजा



आभाराचं कर्मकांड निवेदकांनी यथासांग पार पाडलं आहे, तेव्हा मी थेट भांडणाला येते. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाला हा माइक एकदाच मिळतो. समारोप झाला की माजी अध्यक्ष म्हणून फीत कापायला बोलावतात, ऐकायला नाही. मी भाषेच्या भवितव्यावर बोलावं, अभिरुचीच्या घसरणीवर बोलावं, अशी सूचना मला आली होती. अध्यक्षाने हिशेबावर बोलणं हे कारकुनी काम, असंही सूचना करणाऱ्यांनी ठिकठिकाणी म्हणून ठेवलं आहे. मी हिशेबावरच बोलणार आहे. मराठी लेखकाच्या खिशातली चणचण, त्याच्या घरातली धुसफूस आणि वाचक नाही म्हणून त्याने लावलेला सूर, या तिन्हींच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. पुस्तकाच्या प्रती किती छापल्या आणि किती खपल्या हे मराठीत कुणी सांगत नाही, आणि ते न विचारणं हे आपण सुसंस्कृतपणाचं लक्षण मानतो.

बाहेरच्या दालनातलं कुठलंही पुस्तक उचला आणि शीर्षकाच्या पानामागचं पान वाचा. मुखपृष्ठ कुणाचं, अक्षरजुळणी कुणाची, मुद्रक कोण, हक्क कुणाकडे, आयएसबीएन काय, किंमत किती, सगळं दिसेल. आवृत्ती पहिली की चौदावी तेही दिसेल. पण आवृत्ती केवढी, हे दिसणार नाही. चौदा आवृत्त्या म्हणजे चौदा हजार प्रती की दोनशेच्या हिशेबाने अठ्ठावीसशे, हे वाचकाला कळायला मार्ग नाही आणि पुष्कळदा लेखकालाही नाही. हे कायम असंच होतं असं मात्र नाही. जुन्या मराठी पुस्तकांवर ‘प्रती १०००’ असं सरळ छापलेलं आढळतं. १८६७च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्याने तर प्रत्येक पुस्तकाची पानं, आकार, आवृत्ती, किंमत, स्वामित्वहक्काचा धनी आणि छापलेल्या प्रतींची संख्या यांची नोंद सक्तीची केली होती, आणि ती यादी दर तिमाहीला राजपत्रात प्रसिद्ध व्हायची. परक्या सरकारने हे आपल्यावर पाळत ठेवायला केलं, कबूल. पण १८७८मध्ये ज्यांनी पुण्यात ग्रंथकारांना पहिल्यांदा एकत्र बसवलं, त्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीवर टिपण लिहिलं तेव्हा प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांची मोजदादच पुढे ठेवली. आज कुणाला तसं टिपण लिहायचं असेल तर त्याच्या हाती काय आहे? २०२३च्या नव्या कायद्याने नियतकालिकांची नोंदणी ठेवली आणि पुस्तकांना वगळलं. पाळत गेली, बरं झालं. तिच्याबरोबर आकडाही गेला, त्याचं सुतक कुणी पाळलं नाही.

आकडा छापणं अव्यवहार्य आहे, असं मला सांगितलं जातं. गोरखपूरच्या गीता प्रेसचं कोणतंही पुस्तक पाहा. या खेपेला किती प्रती छापल्या आणि आजवरचं एकूण मुद्रण किती, हे तिथे छापलेलं असतं. देवाधर्माच्या पुस्तकाला जो व्यवहार जमतो तो कादंबरीला का जमू नये? वर्तमानपत्रांच्या खपाची तपासणी करणारी संस्था १९४८पासून या देशात काम करते आहे. गावच्या दूध संकलन केंद्रावर दोन लिटरची किटली घेऊन गेलेल्या बाईलाही यंत्रातून निघालेली चिठ्ठी मिळते. लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर, सगळं तिच्यावर असतं. मराठी लेखकाला मात्र तीन-तीन वर्षांत एवढीही चिठ्ठी मिळत नाही. मिळतो तो एक निरोप: ‘अजून बऱ्याच प्रती शिल्लक आहेत.’

आता पैशाकडे वळते. तीनशे रुपये किमतीचं पुस्तक, पाचशे प्रतींची आवृत्ती आणि रिवाजाचं दहा टक्के मानधन धरलं, तर अख्खी आवृत्ती संपल्यावर लेखकाच्या हाती पंधरा हजार रुपये पडतात. ती संपायला तीन वर्षं लागली तर वर्षाला पाच हजार. आता प्राप्तिकर कायद्यातलं लेखकांच्या मानधनाचं कलम पाहा. लेखकाच्या वर्षाच्या तीन लाखांपर्यंतच्या मानधनाला त्यात वजावट दिली आहे, आणि एकरकमी व्यवहार नसेल तर पंधरा टक्क्यांपर्यंतचं मानधन त्यासाठी ग्राह्य धरलं आहे. दहा टक्क्यांच्या आपल्या लेखकाला ही सवलत पुरती वापरायची तर तीनशे रुपयांच्या पुस्तकाच्या दहा हजार प्रती एका वर्षात खपायला हव्यात. म्हणजे कायदा करणाऱ्याने जो लेखक डोळ्यांसमोर धरला तो मराठीत शोधूनच काढावा लागेल. पण खरोखर नाही की दिसत नाही? अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ १९५९ साली आली, तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, ती घरोघर पोचली. आणि तिचा लेखक १९६९मध्ये गेला तो हलाखीतच. त्या कादंबरीच्या आजवर एकंदर किती प्रती निघाल्या, हे या मांडवात कुणी छातीठोक सांगू शकेल का? ज्या भाषेला आपल्या सर्वांत लाडक्या पुस्तकांचा खप माहीत नाही, तिने ‘मराठी पुस्तकं खपत नाहीत’ हे विधान कशाच्या जोरावर करायचं?

प्रकाशकांची बाजू मला कळत नाही असं नाही. कागद महागला, विक्रेत्याला कमिशन द्यायचं, ग्रंथालयांना वेगळी सूट द्यायची, उधारी वर्ष-वर्ष वसूल होत नाही. पुस्तकावर जीएसटी नाही. पण लेखकाच्या मानधनावरचा कर उलट आकारणीने प्रकाशकानेच भरायचा आणि त्याची वजावटही मिळत नाही, हा अन्यायच आहे. जिल्ह्याच्या गावी स्वतः गठ्ठे बांधून एसटीने पाठवणारे प्रकाशक आणि पदरमोड करून अनियतकालिकं चालवणारे संपादक यांच्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. ते नसते तर आपण निम्मे लोक इथे नसतो. पण प्रकाशक इतका अडचणीत असेल तर खाती उघडी करण्यात पहिला फायदा त्याचाच आहे. तोटा आकड्यांत मांडला तर सरकारशी भांडता येतं, नुसत्या सुस्काऱ्यावर कुठला मंत्री हलतो? लपवलेला हिशेब एकाच माणसाच्या सोयीचा असतो, आणि तो म्हणजे लेखकाचे पैसे बुडवणारा.

दुसरा आक्षेप अधिक गोड गळ्याने येतो. सरस्वतीच्या दरबारात लक्ष्मीची भाषा कशाला, तुकोबांनी कधी मानधन मागितलं का? तुकोबांचं उदाहरण देणाऱ्यांनी ते पुरतं द्यावं. परंपरा सांगते की त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. पण ती बुडवण्याआधी धाकट्या भावाचा, कान्होबाचा, निम्मा वाटा मोजून त्याच्या हवाली केला आणि फक्त आपला वाटा पाण्यात सोडला. त्यागालासुद्धा आधी वाटणी लागते, हे त्या देहूच्या वाण्याला कळत होतं. आपल्याकडे दुसऱ्याच्या वाट्याचा त्याग परस्पर उरकला जातो आणि त्याला साहित्यसेवा म्हणतात. शिवाय कायदा तुकोबांच्या भरवशावर लिहिलेला नाही. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे हक्काचं हस्तांतर लेखी हवं, सहीनिशी हवं, मानधनाची रक्कम त्यात नमूद हवी. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची समजली जाते. या मांडवात करार न करता पुस्तक देणारे किती आहेत, ते हात वर करायला सांगून मी कुणाला अडचणीत आणत नाही.

आता प्रेमाबद्दल, कारण तेही याच खात्यातलं आहे. मराठी लेखकाचा खरा आश्रयदाता कोण? संस्थानिक गेले, अनुदानं नावापुरती. तो आश्रय घरातून येतो, आणि बहुतेक वेळा पत्नीकडून. आपल्या भाषेत लेखकांच्या पत्नींनी लिहिलेल्या आत्मचरित्रांची एक रांगच उभी आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून यायला लागली. मग मलिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’, माधवी देसाईंचं ‘नाच गं घुमा’, सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’, यशोधरा पाडगावकरांचं ‘कुणास्तव कुणीतरी’. समीक्षकांनी ती संसाराच्या कहाण्या म्हणून वाचली, काहींनी चवीने वाचली. मी ती मराठी साहित्याच्या खर्चाची बाजू म्हणून वाचते. जमेच्या बाजूला पुस्तकं, पुरस्कार, अध्यक्षपदं. खर्चाच्या बाजूला कुणाची तरी उमेद, कुणाचं तरी राहून गेलेलं लेखन. सुनीताबाईंनी पु. लं.च्या हक्कांचा आणि परवानग्यांचा व्यवहार काटेकोर सांभाळला, तर त्यांना व्यवहारी म्हणून नावं ठेवणारे हेच सरस्वतीभक्त होते. लेखकाने मागितलं तर लोभ, त्याच्या बायकोने मागितलं तर कजागपणा, आणि दोघं गप्प बसली तर संस्कार! आणि बाई स्वतःच लेखिका असेल तर तिच्या वाट्याला हा आश्रयदाताही क्वचितच येतो. बहिणाबाई चौधरी १९५१मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली १९५२मध्ये. पैसा आला तर प्रेम टिकेल असा भाबडा दावा मी करत नाही. एवढंच म्हणते, की घरातलं जे माणूस आपल्या लेखनाचा खर्च सोसतं त्याला त्या लेखनाची मिळकत खरी किती हे कळण्याचा हक्क आहे. आणि लेखकालाच ती ठाऊक नसेल तर तो घरी काय सांगणार?

राहिला वाचक. तो नाही, हे आपलं आवडतं रडगाणं. महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि शासनमान्य ग्रंथालयं हजारोंनी आहेत. त्यांतल्या वापरातल्या एखाद्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडा. तिथे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते, जांभळ्या शिक्क्यांनी भरलेली, कधी भरून गेल्यावर तिच्यावर दुसरी डकवलेली. मराठी वाचकाचा खरा आकडा त्या चिठ्ठीवर आहे. एक प्रत पन्नास घरं फिरते आणि लेखकाच्या खात्यावर मात्र ती एकदाच विकली गेलेली असते. डेन्मार्कने १९४६मध्येच ग्रंथालयातल्या वाचनाचा मोबदला लेखकाला द्यायला सुरुवात केली. ब्रिटनने १९७९मध्ये त्यासाठी कायदा केला. तिथे हा पैसा ग्रंथालय देत नाही, वाचकही देत नाही. सरकार देतं, आणि एका लेखकाला किती मिळावं याला कमाल मर्यादा असते, म्हणजे बड्या नावांनी सगळं ओढून नेऊ नये. आपल्याकडे ग्रंथपालाच्याच हाती जेमतेम वेतन पडतं, तिथे हे कुठून आणायचं, असं विचारलं जाईल. ग्रंथपालाच्या वेतनाचं भांडण मी त्यांच्या बाजूने उभं राहून भांडेन; पण एकाच्या उपासमारीने दुसऱ्याची उपासमार न्याय्य ठरत नाही. तूर्त पैसा नसेल तर किमान चिठ्ठ्या मोजा. मोजल्या तर दिसेल की ग्रंथखरेदीच्या निवड समित्यांच्या यादीत दरवर्षी न चुकता बसणारी काही पुस्तकं कपाटात कोरी करकरीत आहेत आणि यादीत कधीच न आलेली झिजून फाटली आहेत. ही मोजणी काही जणांना का नको आहे, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

मी एका आकड्यावर फार मोठा डोलारा उभा करते आहे, असं म्हटलं जाईल. करतेच आहे. आपली समीक्षा ऐकीव कीर्तीवर चालते, कारण कुणाचं पुस्तक कुठे पोचलं हे तिला माहीत नाही. आपले पुरस्कार कुजबुजीवर ठरतात त्याचंही हेच कारण. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, आणि भाषेचं प्राचीनत्व सांगताना आपण नाणेघाटच्या शिलालेखाकडे अभिमानाने बोट दाखवतो. त्या लेखात आहे काय? सातवाहन राणीने यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचा तपशील: गायी किती, घोडे किती, कार्षापण नाणी किती. दोन हजार वर्षांपूर्वी खडकावर आकडे कोरणारी ही भूमी आज कागदावर ‘प्रती पाचशे’ छापायला लाजते.

शेवटचा दोष आपला, लेखकांचा. पदरचे पैसे देऊन दीडशे प्रती काढायच्या आणि वर्षभरात ‘तिसरी आवृत्ती’ मिरवायची, हा खेळ आपणच खेळतो. आकडा उघड झाला तर अब्रू जाईल ही भीती प्रकाशकापेक्षा आपल्याला जास्त आहे. जाऊ द्या. दीडशे खऱ्या वाचकांचा कवी असणं यात लाज नाही. आणि मागणीप्रमाणे छपाईच्या काळात आवृत्तीला अर्थ उरला नाही, ही सबब असेल तर वर्षाअखेर एकूण विक्रीचं पत्रक द्यावं. यंत्र मोजतच असतं, फक्त आपल्याला सांगायचं असतं.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी तीन मागण्यांचा ठराव मांडणार आहे: प्रत्येक मुद्रणावर प्रतींची संख्या छापावी, लेखकाला दरवर्षी सहीचं विक्रीपत्रक मिळावं, आणि शासकीय खरेदीसाठी तेच पुस्तक पात्र धरावं ज्याच्यावर हा आकडा छापलेला आहे. तिसरी मागणी वगळली तर पहिल्या दोन बिनविरोध मंजूर करू, असा निरोप मला काल रात्री आला. मी ती वगळणार नाही, कारण दात असलेली मागणी तेवढी एकच आहे. ठराव फेटाळायचा असेल तर खुशाल फेटाळा. मात्र टाळ्यांच्या गजरात नको, हात वर करून, आणि बाजूने किती, विरुद्ध किती, तो आकडा इतिवृत्तात छापून.